जमीन वितळेपर्यंत

४ फेब्रुवारी

रोझेरला जाऊन तीन आठवडे झाले आणि आज सकाळी त्याच्यासाठी फोन आला. "रोझेर वेलेट घरी आहेत का?" मी सांगितलं, कबरस्तानाच्या फाटकाशी दगडी कोठी आहे तिथे आहेत, मे महिन्यात जमीन वितळेपर्यंत तिथेच असतील, भेटायचं तर गरम कपडे घालून जा. पलीकडच्या माणसाने रीतसर दुःख व्यक्त केलं, आणि ते उरकल्यावर सांगितलं की माझ्या नवऱ्याच्या नावावर तीन क्रेडिट कार्डं आहेत आणि तिन्ही मिळून एकोणीस हजार डॉलर थकले आहेत.

नंबर चुकलाय, म्हटलं. या घरात उधारी चालत नाही. गाडी रोख घेतली, छप्पर रोख घातलं. त्याने रोझेरची जन्मतारीख वाचून दाखवली, मग त्याच्या आईचं माहेरचं नाव. ते नाव कित्येक वर्षांत कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी खुर्ची ओढून बसले.

फोन ठेवला आणि बाहेरचं काचेचं दार खडखडलं. रोझेर आत येण्याआधी चौकटीतला बर्फ सुटावा म्हणून ते दोनदा हलवायचा, तसंच. मी उठून पाहिलं. वारा होता.

म्हणून ही वही काढली. ग्रंथालयाने निवृत्तीच्या दिवशी दिली होती, सोबत एक घड्याळ. घड्याळ केव्हाच बंद पडलं.

७ फेब्रुवारी

पुन्हा तोच वसुलीचा माणूस. मिस्टर लेन. आवाज सभ्य आहे. मुख्य म्हणजे तो नवऱ्याचं नाव नीट घेतो. या गावातले इंग्रजी बोलणारे त्या नावाचा चुराडा करतात, बँकेतली मुलगीसुद्धा. लेन म्हणतो, त्याची आजी आमच्यातलीच, फ्रेंच बोलणारी होती.

बोलता बोलता बरंच बोलणं झालं. तो घाई करत नाही. कोठीबद्दल विचारलं त्याने, तर मी सांगितलं की इथे मेन राज्यात जानेवारीत जमीन लोखंडासारखी होते, कुदळ उडून परत येते, म्हणून हिवाळ्यात गेलेले सगळे त्या कोठीत फळ्यांवर वाट बघत राहतात. आणि मग, का कोण जाणे, मी त्याला शाळेतल्या सिस्टर अ‍ॅन्सेल्मची गोष्ट सांगितली. आम्ही चौथीत होतो तेव्हाची. एक माणूस पाववाल्याचे पैसे बुडवून मेला. त्याचा आत्मा शुद्धिस्थानात, म्हणजे स्वर्गाच्या अलीकडे पापं फेडतात तिथे, जाऊन पोचला, पण पुढे जाता येईना. रोज पहाटे तो पाववाल्याच्या दुकानासमोर टोपी हातात घेऊन उभा राहायचा, आणि ज्या दिवशी बायकोने शेवटचा पैसा फेडला त्याच दिवशी दिसेनासा झाला. सिस्टर ही गोष्ट अशी सांगायच्या की वर्गातलं एक पोर घरी जाताना पाववाल्याच्या गल्लीतून जायचं नाही.

लेन म्हणाला, गोष्ट मनाला लागली.

एकोणीस हजार. कुठे घातले, तेही मला आता कळलंय. दर गुरुवारी संध्याकाळी हा माणूस "गाडीत पेट्रोल भरून येतो" म्हणून निघायचा. पेट्रोल पंप चार गल्ल्या पलीकडे आहे. जुगाराची मशिनं, दुसरं काय? कसिनोची बस तिथूनच सुटते. आणि मला सांगायचं नाही. कुणाची भीती होती त्याला या घरात? घरात मी एकटीच होते.

१२ फेब्रुवारी

दुपारी शाळेची पिवळी बस आमच्या दारासमोर हळू झाली. मी खिडकीत होते. पहिल्यांदा वाटलं भास असेल, पण कालही झाली होती. रोझेर सहासष्टाव्या वर्षी बस चालवायला लागला तेव्हा मला बघण्यासाठी इथे वेग कमी करायचा आणि टोपी उचलायचा. मी म्हणायचे, पोरांकडे लक्ष दे, माझ्याकडे नको. आता कुणी दुसरा चालवतो. त्याला हे कुणी सांगितलं?

म्हातारपणी बस चालवायचा हट्ट त्याचाच. मुलांचा गोंगाट आवडतो म्हणाला. आम्हाला मूल झालं नाही, तेव्हा मी काही बोलले नाही.

१५ फेब्रुवारी

शनिवार म्हणून काकवी घालून बीन्स शिजवल्या. नेहमीइतक्याच भिजत घातल्या गेल्या. नणंद इरेन जेवायला आली तरी अर्धं भांडं उरलं.

तिला कर्जाचं सांगितलं. जुगार म्हटल्यावर ती हसली. म्हणाली, रोझेर? तो चर्चच्या सोडतीचं तिकीट घेतानासुद्धा घामाघूम व्हायचा. मग म्हणाली, बुटाच्या कारखान्याने पेन्शन अर्ध्यावर आणली तेव्हापासून सगळ्यांचेच हाल आहेत, आमच्या अर्मांने तर मासेमारीची बोट विकली.

मी म्हटलं, तुझ्या नवऱ्याची अर्ध्यावर आली असेल. माझ्या घरात दर शुक्रवारी साखरेच्या भांड्याखाली पाकीट यायचं, ते शेवटच्या शुक्रवारपर्यंत तेवढंच जाड होतं. एक डॉलर कमी नाही. नवरा कसा का असेना, कारखान्याशी बोलून घेण्याइतकी अक्कल त्याला होती. आणि त्या पाकिटात मी घर चालवून दाखवलं, महागाई वाढली तरी कधी जास्त मागितलं नाही. इरेन माझ्याकडे बघत राहिली. नेहमीचंच आहे तिचं, अर्धवट ऐकते आणि तोंड उघडं ठेवते.

आता विधवा म्हणून मला पेन्शनचा अर्धा वाटा मिळायला हवा. येतो त्याच्याही अर्धा. मी पेन्शनवाल्यांना तिखट पत्र लिहिलंय. हिशोब येत नसेल तर नोकरी सोडा म्हणावं.

१९ फेब्रुवारी

आज लेनने अंगावर काटा आणला. त्याची आजीसुद्धा पाववाल्याची गोष्ट सांगायची म्हणे. टोपी हातात घेऊन उभा राहिलेला माणूस, सगळं तसंच. म्हणजे सिस्टरांनी मनाने रचलेली नव्हती. दोन वेगळ्या गावांतल्या, एकमेकींना कधी न भेटलेल्या बायका एकच गोष्ट सांगतात तेव्हा तिच्यात काहीतरी असतंच.

तो म्हणाला, "मी तुम्हाला पैसे भराच असं म्हणत नाही, मिसेस वेलेट. पण रोझेर अजून जमिनीच्या वर आहे. तो मोकळा व्हावा असं तुम्हालाही वाटत असेल."

बाराशे डॉलर पाठवले. मे महिन्यात कबर खणायला लागतील म्हणून बाजूला ठेवलेले. सुरुवात तर झाली.

५ मार्च, राखेचा बुधवार

कपाळाला उपासकाळाची राख लावून चर्चमधून तशीच चालत कबरस्तानात गेले. कोठीचं लोखंडी दार गंजलेलं, समोरचा बर्फ कुणी काढत नाही. तरी दारापर्यंत पावलांचे ठसे होते, जाणारे. परत येणारे नव्हते. मी बराच वेळ त्यांच्याकडे बघितलं. मग लक्षात आलं की परत येणारा आपल्याच ठशांत पाय टाकत येतो. मीही तसंच केलं. घरी पोचले तेव्हा बोटं निळी होती.

तेलवाल्याने घर तापवायच्या तेलाची टाकी भरायला नकार दिला. मागचं बिल बाकी आहे. तो ग्रंथालयात लहानपणी यायचा, पुस्तकं उशिरा आणायचा, आणि मी दंडाचा एक सेंट सोडला नव्हता. फोनवर तो मला "मॅडम" म्हणाला. घराची उष्णता इतकी कमी केलीय की स्वयंपाकघरात कोट घालून बसते. रेडिएटर थंड पडताना आतून ठोके मारतात, बोटाच्या पेराने मारावेत तसे.

१४ मार्च

लेनला सांगितलं की माझ्याकडे आता काही उरलं नाही. तो मुळीच रागावला नाही. म्हणाला, घर आहे ना. घरावर कर्ज देणारे त्याच्या ओळखीचे आहेत. त्यांचा माणूस कागद घेऊन चोवीस तारखेला घरी येईल, सही केली की तिन्ही कार्डं एका दिवसात साफ. मग महिन्याला थोडं थोडं मला भरायचं. तेराव्या वर्षी फिटेल. तेराव्या वर्षी मी सत्त्याऐंशीची असेन.

"मे महिन्याच्या आत," तो म्हणाला. "रोझेरला जमिनीत ठेवण्याआधी."

हे मी इरेनला सांगितलं आणि तिने मला गाढव म्हटलं. एकसष्ट वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदा. तिच्या म्हणण्याप्रमाणे दर शुक्रवारी ग्रंथालयाच्या तळघरात कर्जाबद्दल फुकट सल्ला देणारी बाई बसते, अर्मांच्या वेळी तिनेच त्यांना वाचवलं. मी म्हटलं, त्या ग्रंथालयाच्या टेबलाशी मी तीस वर्षं लोकांकडून दंड घेतला. त्याच्याच तळघरात कर्जदार म्हणून उतरू? पुस्तकं रचणाऱ्या बायकांसमोरून?

इरेन म्हणाली, मागच्या दारानेही जाता येतं, सगळे तसेच जातात.

सगळे म्हणजे कोण, ते विचारलं नाही.

२० मार्च

चार दिवसांत तो माणूस येईल. माझी तयारी आहे, फक्त एकदा खात्री करावी म्हणून सिस्टर अ‍ॅन्सेल्मना भेटायला गेले. त्या एक्क्याण्णव वर्षांच्या आहेत, नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात खिडकीशी बसलेल्या असतात. मला नावाने ओळखलं. हात बघितले आणि विचारलं, नखं अजून खातेस का.

मी सगळं सांगितलं. पाववाला, टोपी, लेनची आजी, घर. त्यांनी डोळे मिटले होते. झोपल्या असं वाटून मी थांबले.

"ती गोष्ट मी वर्गात सांगितली?" त्यांनी विचारलं.

दर आठवड्याला, सिस्टर.

"अगं, त्या वर्षी पाववाल्याचे पैसे आमच्याच कॉन्व्हेंटने थकवले होते. सहा महिन्यांचे. सकाळी दार वाजलं की आम्ही बारा जणी चॅपलमध्ये जाऊन बसायचो, मदर सुपीरियरसकट. तो दाराबाहेर टोपी हातात घेऊन उभा राहायचा. बिचारा ओरडायचाही नाही. मला डोळ्यांसमोर दुसरं काही दिसायचंच नाही, तर वर्गात तेच बोलून गेले असेन."

मी म्हटलं, म्हणजे मेलेला माणूस...

"मेलेला कुठला! तो चांगला धडधाकट होता. पुढे फ्लोरिडाला गेला." मग त्यांनी डोळे उघडले. "मी तुम्हाला भागाकारही शिकवला होता, फर्नांद. तो कसा विसरलीस?"

येताना पुलावर थांबावं लागलं. नदीत बर्फाचे तुकडे एकमेकांवर चढत होते आणि आवाज करत होते. मला हसू यायला हवं होतं. पण एवढी वर्षं मी ज्याला घाबरत आले तो माणूस फ्लोरिडात ऊन खात होता, आणि रोझेर मात्र खरोखर फळीवर पडला आहे, हे दोन्ही एकाच वेळी डोक्यात मावेना.

२१ मार्च

पुढच्या दाराने गेले. मागच्या दाराने जायला मी चोर नाही. टेबलाशी बसलेल्या बाईने मान वर केली, मीही केली, आणि जिना उतरले.

सल्ला देणारीचं नाव नॅन्सी पेल्की. म्हणजे आजोबांचं फ्रेंच आडनाव पेलेतिए असणार आणि त्यांना त्याची लाज वाटली असणार. पन्नाशीची, स्वेटरला कोपरावर ठिगळ, टेबलावर अर्धं खाल्लेलं सँडविच. मी बोलायला सुरुवात केल्यावर तिने ते बाजूला सारलं नाही, खात खात ऐकलं. मला आधी राग आला. मग बरं वाटलं. एकोणीस हजार ऐकून जिची भूक जात नाही तिने याहून मोठे आकडे ऐकलेले असणार.

"कार्डांवर तुमची सही आहे?"

नाही.

"घर कुणाच्या नावावर?"

दोघांच्या.

"मग घर तुमचं आहे आणि देणं त्यांचं आहे. त्यांच्यामागे त्यांचं स्वतःचं काय राहिलं?"

जुनी गाडी, मासे पकडायची काठी आणि दोन टोप्या.

"मग टोप्या कार्डवाल्यांनी घेऊन जाव्यात," ती म्हणाली. "तुम्ही एक डॉलरही भरायचा नाही. तुम्ही देणं लागतच नाही. त्या लेनने कधी स्पष्ट सांगितलं, की कायद्याने तुम्हालाच भरावं लागेल?"

मी आठवून बघितलं. नव्हतं सांगितलं. तो म्हणायचा, चांगल्या बायका भरतात.

"अगदी बरोबर. खोटं बोलत नाहीत ते. खोट्याच्या कडेकडेने चालतात. पण तुम्ही त्या घराच्या कागदावर सही केलीत ना, मिसेस वेलेट, की मग ते देणं तुमचं. मग मीसुद्धा काही करू शकणार नाही."

पाठवलेले बाराशे बहुतेक गेले असं ती म्हणाली, आडपडदा न ठेवता. मग तिने माझ्यासमोर तेलवाल्याला फोन लावला. बिल सहा महिन्यांत फेडायचं ठरलं, व्याज नाही, टाकी उद्या भरणार. गरम ठेवण्यासाठी सरकारी मदत मिळते, त्याचा अर्ज तिने भरून घेतला. मदत म्हणजे भीक ना, मी विचारलं. तिने विचारलं, तुम्ही चाळीस वर्षं कर भरला तो काय दानधर्म होता का? बाई तोंडाची फटकळ आहे. आमच्यातलीच, नाव काही का लावेना.

शेवटी तिने लेनच्या कंपनीच्या नावे एक चार ओळींचं पत्र टाइप करून दिलं. यापुढे मला फोन करू नये, एवढंच. मी सही करून पोस्टात टाकायचं, की फोन बंद.

२४ मार्च

कागदवाला आला. टाय लावलेला, बूट ओले. मी दारातूनच सांगितलं की या घरात सही करणारं कुणी राहत नाही. तो म्हणाला, मिस्टर लेनना वाईट वाटेल. मी म्हटलं, त्यांना माझ्याकडून सांत्वन कळवा.

टाकी भरली. घर ऊबदार झालं तसे रेडिएटर गप्प झाले. इतके गप्प की मी दोनदा हात लावून बघितला.

२ एप्रिल

पत्र अजून पर्समध्ये आहे. तिकीट घरात नव्हतं. मग तिकीट आणलं, तर पाऊस लागला.

लेन फोन करतो. पैशाचं मी काही कबूल करत नाही, नॅन्सीने शिकवलंय तसंच बोलते. तो मात्र रोझेर कसा होता ते विचारतो. आज मी त्याला सांगितलं की रोझेर बुटांचे तळवे शिवायचा, चाळीस वर्षांत त्याची सुई एकदाच बोटात गेली, माझ्या वाढदिवशी. लेन म्हणाला, "रोझेर भला माणूस दिसतोय." दिवसभरात या घरात ते नाव तेवढंच एकदा उच्चारलं जातं. इरेन त्याला "माझा भाऊ" म्हणते. फादर "तुमचे दिवंगत पती" म्हणतात.

पोस्टाची पेटी कोपऱ्यावर आहे. उद्या टाकीन.

११ एप्रिल

नॅन्सीकडे दुसऱ्यांदा. कबर खणायच्या पैशाचं तिने कबरस्तानाशी बोलून ठेवलं होतं. चर्चचा मदतनिधी अर्धे देणार, बाकीचे मी वर्षभरात. ठीक आहे.

पत्र टाकलं का, तिने विचारलं. मी विषय बदलला, पेन्शनच्या चुकीचा काढला. मी लिहिलेल्या तीन पत्रांना उत्तर नाही, सांगितलं. ती म्हणाली आत्ताच विचारू, आणि फोन लावून दोघींना ऐकू येईल असा ठेवला. पलीकडच्या बाईने नाव, नंबर विचारला. मग म्हणाली, चूक कुठेच नाही, विधवेचा वाटा बरोबर निम्मा आहे. मूळ पेन्शन नऊ वर्षांपूर्वी अर्ध्यावर आली होती, सगळ्याच कामगारांची, आणि मिस्टर वेलेटना तसं कळवलेलं आहे.

मी म्हटलं, शक्य नाही, पाकीट तेवढंच यायचं.

नॅन्सीने फोन ठेवला. मीच म्हटलं, तो बस चालवायचा, त्यातून भरून काढत असेल. तिने विचारलं, बसचे किती मिळायचे. मी आकडा सांगितला. सांगता सांगताच भागाकार झाला.

गुरुवारी पेट्रोल पंप. पंपावर कार्ड घालून पैसे काढायचं मशीन आहे. शुक्रवारी पाकीट.

नॅन्सीने उरलेलं सँडविच माझ्याकडे सरकवलं. मी खाल्लं. कशाचं होतं ते आठवत नाही.

१२ एप्रिल

बीन्स भिजत घातल्या नाहीत.

१४ एप्रिल

लेनचा फोन आला. मी विचारलं, "तुमच्या आजीचं नाव काय हो?"

तो थांबला. सख्ख्या आजीचं नाव सांगायला माणूस थांबत नाही. मग म्हणाला, मेरी. मी म्हटलं, पाववाल्याची गोष्ट मीच तुम्हाला सांगितली होती, पहिल्याच आठवड्यात, आणि तो पाववाला मेलाच नव्हता. त्याने काहीतरी पुटपुटलं. रागाने नाही. दमलेला वाटला. कदाचित त्याच्याही डोक्यावर कुणीतरी उभं असेल. माझं काय जातं.

मी म्हटलं, "ठेवण्याआधी एकदा नाव घ्या त्याचं."

"कुणाचं?"

"तुम्हाला ठाऊक आहे कुणाचं."

"रोझेर," तो म्हणाला. अजूनही नीट म्हणाला.

मी फोन ठेवला, कोट घातला आणि पत्र पेटीत टाकून आले.

२९ एप्रिल

फोन वाजत नाही.

बसही आता हळू होत नाही. इरेन म्हणाली, आमच्या दारासमोर रस्त्याला खड्डा पडला होता, तो परवा बुजवला. मला हे सांगायची काही गरज होती का तिला?

काल स्वयंपाकघरात मी मोठ्याने म्हटलं, "रोझेर." कसं ऐकू येतं ते बघायला. माझ्या तोंडून ते हाक मारल्यासारखं येतं, चुलीवर काही करपत असताना मारतात तसं. दुसऱ्या कुठल्या सुरात मला ते म्हणताच येत नाही. पाच-सहा वेळा करून बघितलं.

१५ मे

आज पुरलं.

कोठीतून सकाळी सात पेट्या निघाल्या. हिवाळ्यातले सगळे एकाच दिवशी, एकामागून एक; फादर एका कबरीकडून दुसरीकडे चिखलातून चालत होते आणि नावांचा कागद वाऱ्यात धरत होते. आमचा नंबर पाचवा. जमीन वरून मऊ आणि खाली अजून गार, खणलेल्या मातीतून वाफ येत होती. इरेन रडली. अर्मांने टोपी काढली. नॅन्सी पेल्कीसुद्धा आली होती, लांब उभी, ठिगळाचा स्वेटर घालून.

प्रार्थना आटोपली. दोन माणसं पट्टे हातात घेऊन माझ्याकडे बघत होती, घरच्यांनी फूल टाकलं की ते सोडतात. मी फूल आणलं नव्हतं. मी पुढे झाले, गुडघे दुखतात तरी खाली वाकले, आणि पेटीच्या लाकडावर हात ठेवला. चार महिने त्या कोठीत राहिलेलं लाकूड, हाताला बर्फासारखं लागलं.

मी म्हटलं, "तू मला सांगायला हवं होतंस. मी आठ दिवस घर डोक्यावर घेतलं असतं. तुझ्या आईपासून तुझ्या कारखान्यापर्यंत एकालाही सोडलं नसतं. आणि नवव्या दिवशी अर्ध्यात भागवायला लागले असते, रोझेर."

आवाज थोडा मोठा झाला असावा, कारण फादरांनी कागदावरून मान वर केली. सहाव्या पेटीचे लोकही वळून बघत होते. बघू देत.

मग मी उभी राहिले आणि त्या दोघांना म्हटलं, आता सोडा खाली.